चाळिसावी घरपोच

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून रोज दोन ओळी तरी लिहायच्या असं ठरवलं आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं नोंदी केल्या, पण त्या गाड्यांच्या. कुठली सुटली, कुठली रखडली, कुठली रद्द झाली. माणसांचं काही लिहायचं राहूनच गेलं. झुंबरला सांगितलं तर म्हणाली, दिवसभर एवढं बोलतासा ते पुरं न्हाय व्हय? बायको आहे, बोलायचीच.

निवृत्त झाल्यावर घरात बसून तिचं डोकं खायचं नाही म्हणून 'वळचण' संस्थेत लागलो, त्याला आता अडीच वर्षं झाली. कोल्हापुरातलं बेघरांचं निवारा केंद्र आहे. इमारत सरकारची, नियम सरकारचे, चालवतो मात्र आम्ही. तीन वर्षांचा करार आहे आणि तो येत्या एकतीस मार्चला संपतो. पुन्हा मिळणार की नाही हे तपासणीवर ठरणार. तपासणीत सगळ्यात मोठा रकाना आहे 'कुटुंबात पुनर्स्थापना'. आम्ही आपलं त्याला 'घरपोच' म्हणतो. वर्षाला चाळीस माणसं घरपोच झाली पाहिजेत. आज चौतीस आहेत.

ते काम माझं. पोलिसांना जमत नाही ते मला जमतं, हे गर्वाने लिहितो. माणूस गाव विसरतो, पत्ता विसरतो, पण घराकडची एसटी विसरत नाही. मी समोर बसवतो आणि मार्गावरचे थांबे ओळीने म्हणत जातो, स्टँडवर माईकवर म्हणायचो तसे. स्वतःच्या थांब्याला माणसाचा चेहरा हलतो. आजवर एकवीस माणसं अशी मी एकट्याने शोधून पोचवली आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आदिती मॅडमनी आज बसवून घेतलं. आदिती चौगुले, संस्थेच्या प्रमुख. पोरगी बत्तीस वर्षांची, माझ्या मुलीएवढी, पण केंद्राचा सगळा भार एकटीने वाहते. म्हणाल्या, काका, पुण्याची एक मोठी एजन्सी टपून बसली आहे. तिच्याकडे केंद्र गेलं तर स्वयंपाक बाहेरून डब्यातून येणार, डॉक्टर महिन्यातून एकदा येणार, आणि आपली अठ्ठावीस माणसं नुसती झोपायला जागा म्हणून राहणार. सहा माणसं हवीत. यादी काढली. पाच होण्यासारखी आहेत. सहावी म्हणून मीच आक्काचं नाव सुचवलं.

आक्का वर्षभर इथे आहे. नाव विचारलं तर आक्का म्हणा म्हणते. गाव विचारलं तर "मला न्हाय आठवत, आनि माझं कोन न्हाय" हे एकच उत्तर. पन्नाशीची असेल. डोक्याच्या आजाराची गोळी चालू आहे. स्वयंपाकघर तिनेच ताब्यात घेतलंय. कुणाला भाकरी कडक लागते, कुणाच्या पथ्यात मीठ नाही, सगळं पाठ. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम ते, आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात अडीच वर्षं काढली हेही तिनेच सांगितलं होतं. डॉक्टरांना नवल वाटलं. गाव तेवढं आठवत नाही. डोक्याचे आजार असेच असतात, काय राहील आणि काय जाईल सांगता येत नाही.

झुंबरला सांगितलं. ती म्हणाली, ती न्हाय म्हणत्या म्हंजी न्हाय असंल की कोन. मी म्हटलं, आभाळातून पडली काय?

२६ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं.

केंद्रातल्या एका आजारी पोरीला आक्का 'तंगी' म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. हा कानडीकडचा शब्द, म्हणून दक्षिणेचे मार्ग धरले. ती तांदूळ निवडत होती. मी शेजारी स्टुलावर बसून सहज म्हणावं तसं म्हणत गेलो. गडहिंग्लज, नेसरी, अडकूर, चंदगड. काही नाही. मग चंदगडातून आत फुटणारे मार्ग घेतले. तिसऱ्या मार्गावर शेवटचा थांबा म्हटला: फणसगाळ. तिचा हात ताटात थांबला. डोळे भरले. मग ती उठून चुलीकडे गेली आणि म्हणाली, भाजी लागंल.

भाजी अजून चढवलीच नव्हती.

इतकी वर्षं घराची आठवण दाबून ठेवलेली बाई. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नाही, उगीच आशा लावू नये.

७ मार्च, शुक्रवार

फणसगाळला मुक्कामी गाडी जाते. तिच्यावर सध्या कृष्णात नावाचा कंडक्टर आहे, माझ्या हाताखाली शिकलेला. मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला गावातलं घर न् घर माहीत असतं. त्याला आक्काचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. आज त्याचा फोन आला. ह्या बाईला गावात कुणी ओळखत नाही, पण एका घरची सून आहे, वर्षाराणी म्हणून, तिचं तोंड हुबेहूब असंच. गडहिंग्लजकडची आहे, चार वर्षांमागं लग्न होऊन आली.

आक्काच्या डाव्या हातावर गोंदलंय 'वर्षा'. आणखी काय पाहिजे? मुलगी सापडली.

मॅडम म्हणाल्या, पोलीस पाटलांना फोन करून घरी आधी कळवायला हवं, आणि आक्काची संमती हवी. संमतीचा कागद आहेच. केंद्रात दाखल करून घेतानाच आम्ही सगळ्यांचे अंगठे सगळ्या कागदांवर घेऊन ठेवतो, नाहीतर नंतर एकेका फॉर्मसाठी पळापळ होते. पोलीस पाटलांचा फोन दोनदा लावला, लागला नाही. डोंगराळ भाग, रेंज नसते. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, बघा काका, तुम्हाला ठीक वाटतं तसं करा.

१८ मार्च, मंगळवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

आक्काला सांगितलं होतं की गडहिंग्लजला डोळ्यांची तपासणी आहे. खोटंच, पण चांगल्यासाठी. खरं सांगितलं असतं तर वाटभर घालमेल झाली असती. सकाळच्या गाडीने निघालो. खिडकीशी बसवलं. चांगली गप्पा मारत होती, कागलपर्यंत वांग्याच्या भाजीत कूट किती घालायचं ते सांगत होती. गडहिंग्लजला उतरून मी चंदगडच्या गाडीत चढवलं तेव्हा गप्प झाली. डोळ्यांचा दवाखाना हितंच हाय न्हवं, एवढं विचारलं. मी म्हटलं, पुढं चांगला आहे. पदर कपाळाखाली ओढून घेतला आणि मग शेवटपर्यंत बोलली नाही. मला वाटलं, गाडी लागली असेल.

फणसगाळला उतरायला तयार होईना. दांडी धरून बसली. म्हणाली, "काका, परत जाऊया. मी केंद्रावरची भांडी बी घासीन, न्हाणीघर बी धुईन." मला गलबलून आलं. इतक्या वर्षांनी मुलीसमोर जायचं, बाई लाजणारच. मी हात धरून उतरवलं.

घर चांगलं आहे. पुढे काजूची झाडं, सारवलेलं अंगण. सासू पायरीवर बसली होती. मी नमस्कार करून सांगितलं की तुमच्या सूनबाईंची आई आणली आहे. सासू म्हणाली, "पावणं, घर चुकलासा. आमच्या सुनंला आई न्हाय. लग्नाआधीच वारल्या."

तेवढ्यात सून बाहेर आली. पाच-सहा महिन्यांची गरोदर. आक्काकडे बघितलं आणि जागीच खिळल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "मी वळखत न्हाय ह्यांस्नी." आक्का लगेच म्हणाली, "चुकलं. ही न्हाय. चला काका."

आता मला राग आला, तो लिहितो. पोटची पोर, घरात सुख आलं तर आईला ओळख दाखवेना. असले नमुने मी स्टँडवर फार पाहिलेत, म्हाताऱ्यांना बाकावर सोडून जाणारे. मी आवाज चढवला. आक्काचा हात पुढे ओढून गोंदण दाखवलं. दोघींच्या हनुवटीवरचा खळगा दाखवला. म्हटलं, बाई, हे नाव तुमच्या सुनेचंच ना? शेजारपाजारचे चार लोक जमले. सून रडायला लागली. त्या रडण्यानेच सगळं सिद्ध झालं. सासू सुनेकडे बघत राहिली.

मग मी सुपूर्दगीचा कागद पुढे केला. सासूने सही केली. नियमाप्रमाणे औषधं आणि दवाखान्याची फाइलही दिली, आणि नीट समजावून सांगितलं की रोज झोपताना ही गोळी चुकवायची नाही, चुकली तर डोकं बिघडतं, रत्नागिरीला अडीच वर्षं उपचार झालेत. ही जबाबदारी मी कधी टाळत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं दोनदा सांगितलं.

दारात तिघींचा फोटो घेतला. परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. आक्का माझ्याकडे बघत नव्हती. थोड्या दिवसांत बसेल सगळं.

गेल्या तीन आठवड्यांत यादीतली ती पाच झाली होतीच. ही चाळिसावी.

१९ मार्च, बुधवार

मॅडमनी पेढे आणले. भाकरी मात्र आज कुणालाच जमली नाही. आजारी पोरगी विचारत होती, आक्का कवा येणार. म्हटलं, आक्का आपल्या घरी गेली, आनंद मान. झुंबरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, पोरगी रडली ती कशापायी, ते इचारलासा का? मी म्हटलं, लाजेनं. ती उठून गेली.

२९ मार्च, शनिवार

तपासणी झाली. पुण्याहून सरकारचे दोन साहेब आले होते. सगळ्या फायली चाळल्या आणि आक्काची बाजूला काढली. फोटो, सही, औषधांची पोच, सगळं जागच्या जागी. म्हणाले, हे आदर्श प्रकरण म्हणून अहवालात घालू. मला पद्धत विचारली. मी थांबे म्हणून दाखवले. साहेब खूश.

एक रकाना रिकामा होता, घरपोच झाल्यावर दहा दिवसांत फोन करून चौकशी केली का. मी फणसगाळला चारदा लावला होता. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा सासूने उचलला, नाव ऐकलं आणि ठेवून दिला. म्हणजे संपर्क झाला. मी 'संपर्क झाला, परिस्थिती समाधानकारक' असं लिहिलं. लिहिताना हात जरा अडला होता, हे इथे लिहून ठेवतो.

६ एप्रिल, रविवार

दुपारी पिराजीचा फोन आला. पिराजी सध्या गडहिंग्लज स्टँडला कंट्रोलर आहे. म्हणाला, "केरबा, तुझ्याबरोबर त्या दिशी एक बाई हुती बघ, पदर वढून. ती पंधरा दिस झालं हितं फलाटावर बसून हाय. तुझी हाय काय?"

मी पुढची गाडी धरली.

शेवटच्या फलाटाच्या बाकावर बसली होती. तेच लुगडं. मला बघून उठली नाही, पळालीही नाही. पिराजीने चहा पाठवला. ती तो बशीत ओतून प्यायली, मग बोलली. मी विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न विचारता बसलो होतो.

आक्काचा नवरा लवकर गेला, आणि त्यानंतर तिचं डोकं बिघडलं. भावाने रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं. अडीच वर्षं. तेवढ्यात मुलीला स्थळ आलं. आई वेड्यांच्या दवाखान्यात आहे म्हटल्यावर कोण करून घेणार? भावाने सांगितलं, आई वारली. लग्न झालं. ही बरी होऊन घरी आली तर तिचा फोटो हार घालून भिंतीवर लावलेला. भाऊ रडला, पाया पडला. तिनेच त्याला उठवलं आणि म्हणाली, केलास ते बरं केलास. मग कुणाला न सांगता कोल्हापूरची गाडी धरली.

"गाव मला आठवतंय की," ती म्हणाली. "सगळंच आठवतंय. पर मी मेल्याली हाय, काका. मेल्याल्या मानसाला गाव असतंय व्हय?"

फणसगाळ हे तिचं गाव नव्हतंच. तिने ते कधी पाहिलंही नव्हतं. मुलगी तिथे दिली एवढंच ऐकून होती. मी ते नाव घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते घरासाठी नाही, पोरीसाठी. चेहरा मी बरोबर वाचला होता. त्याचा अर्थ माझ्या मनाने लावला.

त्या संध्याकाळी माझी गाडी सुटल्यावर सासूने फाइल शेजारच्या मास्तरकडून वाचून घेतली. वेडीची पोर आमच्या घरात घातली, आता पोटातलं कसं निघणार, असं सुरू झालं. आक्का मागच्या दाराने निघाली ती नेसरीपर्यंत चालत. दुसऱ्या दिवशी सुनेला मामाकडे पोचवलं, बाळंतपणाला नव्हे, कायमची. नवरा गोव्याला कारखान्यात कामाला असतो. तो शनिवारी आला तर घरात बायको नाही. मामा गडहिंग्लजलाच राहतो. आक्का म्हणून स्टँडवर बसली होती, पोरीची काही बातमी कानावर पडेल म्हणून, आणि फणसगाळकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून हे सगळं पडलंही. मामाच्या दारात गेली नाही. गेली तर खरं ठरलं असतं.

मी म्हटलं, आक्का, माझं चुकलं. एवढंच सुचलं. चुकलं म्हणजे गाडी दहा मिनिटं उशिरा सोडली तर चुकलं. ह्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. एका गरोदर पोरीचा संसार मी भर अंगणात माणसं गोळा करून मोडला, आणि वर फोटो काढला.

मग म्हणाली, "माझी पोरगी अजून न्हायच म्हंत्या. माझा भाऊ बी न्हायच म्हंतोय. व्हय म्हनणारं तुमी एकलं हाईसा. तुमी जाऊन न्हाय म्हना."

तिने मला तिचं नाव सांगितलं. ते इथेसुद्धा लिहीत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आक्काला परत केंद्रावर आणलं. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांत तोंड धरलं. मला वाटलं रडतील, पण त्यांनी तपासणीचा कागद पुढे ओढला.

मला हवं होतं ते असं: संस्थेच्या कागदावर, शिक्क्यासह, लिहून हवं की अठरा मार्चला फणसगाळला नेलेली बाई चुकीच्या ओळखीने नेली, त्या कुटुंबाशी तिचा संबंध नाही. मॅडम म्हणाल्या, काका, चाळीस म्हणून आकडा गेलाय. आक्काचं तर आदर्श प्रकरण म्हणून गेलंय. आता हे पत्र दिलं तर एकोणचाळीस होतील, आणि वर लोक म्हणतील ह्यांच्या बाकीच्या तरी खऱ्या कशावरून. केंद्र गेलं तर अठ्ठावीस माणसांचं काय सांगू मी? आक्कासुद्धा त्यांतच आहे की.

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी म्हटलं, विचार करा. त्यांनी विचारलं, तुम्ही त्या दिवशी आक्काला विचारलं होतं का, जायचं आहे का म्हणून? मी म्हटलं, अंगठा होता. त्या म्हणाल्या, तो मीच घ्यायला सांगितला होता.

झुंबरला घरी सांगितलं. ती टोमणा मारेल, मला बरं वाटेल, असं वाटलं होतं. तिने नुसतं ताट वाढलं.

१० एप्रिल, गुरुवार

माझ्या बावीस जणांची यादी काढून बसलो. एकवीस फोन करायचे होते. सोळा लागले. अकरा चांगली आहेत, घरच्यांनी फोन दिला, बोलली. एक आजोबा गेले, पण घरात गेले, नातू सांगत होता. दोघं पुन्हा निघून गेलीत. एका बाईच्या मुलाने विचारलं, तुम्हाला काय करायचंय? एका म्हाताऱ्याने माझा आवाज ओळखला आणि म्हणाला, काका, तुमच्याकडं जागा हाय का अजून? पाच फोन लागलेच नाहीत. ह्या सगळ्यांच्या पुढे माझ्याच अक्षरात 'समाधानकारक' आहे.

संध्याकाळी मॅडमनी पत्र दिलं. सही, शिक्का. बघत नव्हत्या माझ्याकडे. म्हणाल्या, घेऊन जा, आणि याची एक प्रत वरही पाठवली आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

काल रात्रीच निघून चंदगडला पुतण्याकडे उतरलो होतो, तिथून सकाळच्या गाडीने फणसगाळला गेलो. सकाळी सासू पायरीवर काजू बी वाळत घालत होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच बोललो.

म्हटलं, बाई, चूक माझी झाली. त्या बाईचं गाव दुसरंच निघालं, तिची वर्षा निराळी. तुमची सून पहिल्यापासून ओळखत नाही म्हणत होती, मी ऐकलं नाही. गोंदण तर काय, त्या नावाच्या पोरी गावोगाव आहेत.

ती काजू पसरत राहिली. म्हणाली, "त्या दिशी लई छातीठोक सांगत हुतासा."

"छातीठोक बोलायची सवय हाय मला. एकतीस वर्षं माईकवर बोललोय."

"आनि हनुवटी?"

मी म्हटलं, वय झालं, नजर साथ देत नाही. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. खूप वेळ बघितलं. आता पकडलं असंच वाटलं.

मग तिने हात पुसून कागद मागितला. वाचता येत नसावं, पण शिक्क्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "पोरगं माझं दोन शनिवार झालं घरात जेवला न्हाय. त्येला हे दावते. चार मानसांत तुमी बोललासा, आता चार मानसांत हे बी बोला." मी शेजारच्या मास्तरांच्या घरी, समोरच्या दुकानात, सगळीकडे जाऊन तेच सांगितलं. लोक हसले. एकजण म्हणाला, काका, घरचा पत्ता तरी ध्यानात हाय न्हवं? मी हसून घेतलं.

निघताना सासूने विचारलं, ती बाई बरी हाय का आता. मी हो म्हटलं. तिला खाया-प्यायाला मिळतंय न्हवं? मी पुन्हा हो म्हटलं. कुण्या परक्या बाईची एवढी काळजी, मनाने बरी बाई दिसते. माझ्यावर विश्वास बसला तिचा, हे बरं झालं.

२१ एप्रिल, सोमवार

आक्काची नवी नोंद केली. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, नातेवाईक नाहीत. संमतीचे सगळे रकाने कोरे ठेवले. मॅडमनी सगळ्यांचे जुने अंगठे रद्द केले आहेत.

मी राजीनामा दिला होता. मॅडमनी घेतला नाही. म्हणाल्या, घरपोचचं काम तुमच्याकडे नाही, स्वयंपाकघराचं सामान बघा. योग्यच आहे. आक्काला दररोज समोर बघायचं हीच शिक्षा असेल तर तीही योग्यच.

आक्का मात्र माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. भाजी काय आणायची ते सांगते. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

३ मे, शनिवार

दोन बातम्या. कराराला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, शेऱ्यासह: 'पुनर्स्थापनेच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत.' पुण्याची एजन्सी एकदा इमारत बघून गेली. पुढे काय होईल माहीत नाही. त्या शेऱ्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, आणि ज्या प्रकरणावरून तो आला त्यातली ओळख मात्र खरी होती.

दुसरी कृष्णातने कळवली. फणसगाळच्या घरी सुनेला नवरा जाऊन घेऊन आला. डोहाळजेवण झालं. मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, कुनाची सून? आजूबाजूला बायका होत्या. ती दिवसभर गुणगुणत होती.

२७ जून, शुक्रवार

सकाळी कृष्णातचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, बाळंतपण चंदगडला झालं.

स्वयंपाकघरात गेलो. आक्का भाकरी थापत होती. पाच-सहा बायका कांदा चिरत, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी दारातून म्हटलं, फणसगाळला नात झाली, दोघी बऱ्या आहेत. आक्काचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग हात धुऊन डब्यातून गुळाचा खडा काढला, खलबत्त्यात फोडला आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक तुकडा ठेवत गेली. कुणीतरी विचारलं, आक्का, गूळ कशापायी?

"काकांच्या पावण्यांत नात झाली. त्यांनी वाटाय सांगिटलंय."

माझ्याही हातावर तिने तुकडा ठेवला. सगळ्या बायकांनी वळून माझं अभिनंदन केलं. एकीने विचारलं, नाव काय ठेवणार. आक्का माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, बाकीच्यांसारखीच. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. आणि हात जोडून सगळ्यांचं अभिनंदन घेतलं.